कुलूप कुठलं, हे नंतर बघू

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

जावाच्या वेब प्रोजेक्टमध्ये लॉगिन आणि परवानग्या सांभाळायला कुठलं फ्रेमवर्क घ्यायचं, त्याचा तुझा तक्ता बघितला. स्प्रिंग सिक्युरिटी, अपाचे शिरो आणि जकार्ता सिक्युरिटी, तिघांना गुण देऊन तू बेरीजही मांडली आहेस. मेहनत दिसते. पण त्यात एक ओळच नाही: वापरकर्त्याची ओळख पटवायची कोणी? पासवर्ड तुझ्याच डेटाबेसमध्ये राहणार, की तुमच्याकडे कीक्लोकसारखा ओळख सांभाळणारा सर्वर आधीच आहे? असेल, तर तुझं अ‍ॅप फक्त ओपनआयडी कनेक्टने (लॉगिनची खात्री दुसऱ्या सर्वरकडून करून घ्यायच्या ठरलेल्या पद्धतीने) त्याच्याशी बोलेल. पासवर्ड विसरला तर काय, ओटीपी कुठे मागायचा, ही डोकेदुखी त्याची. आधी हे विचारून ये.

मग निवड फारशी उरतच नाही. अ‍ॅप स्प्रिंग बूटवर (स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या तयार मांडणीवर) असेल तर स्प्रिंग सिक्युरिटी घे आणि कामाला लाग. जकार्ता ईईच्या (मोठ्या जावा प्रोग्रॅमसाठीच्या प्रमाणित संचाच्या) सर्वरवर असेल तर जकार्ता सिक्युरिटी तिथे असतंच, आणि 2022 च्या 3.0 पासून त्यात ओपनआयडी कनेक्टही आहे.

शिरोला तू सोपेपणाचे सगळ्यात जास्त गुण दिलेस, ते खरंच आहे. एक आयएनआय फाइल (सेटिंगची साधी मजकुराची फाइल), दोन-चार संकल्पना, आणि वेब नसलेल्या प्रोग्रॅममध्येही चालतं. मलाही ते आवडतं. पण स्प्रिंगच्या अ‍ॅपवर ते बाहेरून बसवलं की एकाच यूआरएलचा अर्थ शिरो एक लावतं आणि स्प्रिंग दुसरा. 2020 मध्ये अशाच फरकातून लॉगिन न करता आत शिरता येईल अशा त्रुटी सापडल्या होत्या. त्याआधी 2016 मध्ये ‘रिमेंबर मी’ कुकीची भानगड निघाली. ती कुकी एन्क्रिप्ट करायची किल्ली कोडमध्येच होती आणि सगळ्यांना तीच. ज्यांनी ती बदलली नाही त्यांच्या सर्वरवर बनावट कुकी पाठवून बाहेरच्याला हवा तो कोड चालवता येत होता. 1.2.5 मध्ये ती किल्ली काढली. शिरोला नावं ठेवायला हे सांगत नाही. 2022 मध्ये स्प्रिंग सिक्युरिटीतही रेगेक्समधल्या (मजकूर जुळवायच्या साच्यातल्या) एका टिंबावरून नियम चुकवता येत होता. त्रुटी मोजून गुण देऊ नकोस. तू काहीच केलं नाहीस तर दार उघडं राहतं की बंद, ते बघ.

त्या बाबतीत मी स्प्रिंग सिक्युरिटीच्या बाजूची आहे. बूटच्या प्रोजेक्टमध्ये नुसती त्याची डिपेंडन्सी (लायब्ररीची नोंद) टाकली की सगळी पानं कुलूपबंद होतात आणि कन्सोलवर एक पासवर्ड छापून येतो. पहिल्या दिवशी वैताग येतो, येऊ दे. लॉगिन होताच सेशनचा (सर्वरने ठेवलेल्या लॉगिनच्या नोंदीचा) आयडी बदलतो. पासवर्डच्या हॅशआधी (साठवलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या रूपाआधी) पद्धतीचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे उद्या बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत सोडून दुसरीकडे जायचं झालं तरी जुने पासवर्ड चालतात. सीएसआरएफचं (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने गुपचूप विनंती पाठवण्याविरुद्धचं) संरक्षण चालूच असतं, आणि फॉर्म पोस्ट केल्यावर 403, म्हणजे ‘परवानगी नाही’, आला की लोक तेच आधी बंद करतात! ब्राउझर कुकी आपणहून पाठवत असेल तर ते बंद करायचं नाही. टोकन तू स्वतः हेडरमध्ये घालत असशील तर गोष्ट वेगळी.

जेडब्ल्यूटीचंही (वापरकर्त्याची माहिती असलेल्या, सही केलेल्या टोकनचंही) तसंच. सगळे वापरतात म्हणून घेऊ नकोस. सही केलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं, मग ‘लॉगआउट’ म्हणजे नेमकं काय, हे तुला ठरवावं लागेल. पानं सर्वरवरच तयार होत असतील तर साधं सेशन पुरतं.

आणि हो, ज्या उदाहरणात वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअ‍ॅडॅप्टर दिसेल ते तिथेच मिटव. तो जुन्या पद्धतीचा क्लास स्प्रिंग सिक्युरिटी 6.0 मध्ये काढून टाकला आहे. आता सिक्युरिटीफिल्टरचेनचा बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) लिहायचा, आणि जावा किमान 17 लागतं.

आता तक्त्यात कुठल्याच रकान्यात न मावणारी गोष्ट. एका कामात मी फिल्टर, भूमिका, पासवर्ड सगळं नीट बसवलं होतं आणि खुशीत होते. टेस्टरने यूआरएलमधला बिलाचा क्रमांक एकाने वाढवला, आणि समोर दुसऱ्याच ग्राहकाचं बिल उघडलं. दोघेही लॉगिन केलेले, दोघांची भूमिका ‘ग्राहक’, त्यामुळे फ्रेमवर्कच्या हिशेबी सगळं रीतसर! हे बिल कोणाचं, हे त्याला कळणार कुठून? ते मलाच सांगायला हवं होतं. ओडब्ल्यूएएसपी या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत परवानगीतली ही गफलत पहिल्या नंबरवर आहे, त्याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. तेव्हापासून मी क्रमांक आणि मालक दोन्ही डेटाबेसच्या क्वेरीतच घालते, आणि ‘दुसऱ्याचं बिल मागितलं तर 404 (सापडलं नाही)’ अशी टेस्ट आधी लिहिते.

पुढच्या पत्रात दोन गोष्टी धाड: ओळख सर्वरबद्दल मिळालेलं उत्तर, आणि लॉगिनशिवाय उघडायला हवीत अशा पानांची यादी. यादी दहाच्या वर गेली तर पत्राची वाट बघू नकोस, फोन कर.

तुझी,
जुनी टीमलीड