मोटार सुरू होताच सेटिंग उडते? आधी ब्राऊन-आऊटचा फ्यूज बघा

दादा, तुमचं म्हणणं असं: अंबड भागात ठिबकसाठी टायमर बोर्ड केलाय. १६ मेगाहर्ट्झची ॲटमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप, ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर. रब्बीत डीपीवरच्या मोटारी सुरू झाल्या की बोर्ड अडकतो आणि ईईप्रॉममधल्या, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या, वेळा कचरा होतात. प्रोग्राम तीनदा बदलून झाला. तो आता बाजूला ठेवा, दोष तिथं नाही.

हिशोब करून बघा. लाईट १४० व्होल्टवर आली की ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर साडेपाचच देतो. त्याचं शिखर पावणेआठ, त्यातून ब्रिजचे १.४ गेले, रिपलमध्ये आणखी पाऊण-एक. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात आणि इथं साडेपाच उरले, म्हणजे बाहेर साडेतीनच्या आसपास. १६ मेगाहर्ट्झवर या चिपला साधारण ३.८ व्होल्ट तरी हवेत. त्याखाली ती बंद पडत नाही, चुकीच्या सूचना वाचत चालत राहते, आणि त्यातली एखादी ईईप्रॉममध्ये लिहून बसते. वॉचडॉगचा, म्हणजे प्रोग्राम अडकला की रिसेट देणाऱ्या आतल्या टायमरचा, इथं भरवसा नाही. तो चिप पुन्हा सुरू करेल, पण त्याच अपुऱ्या व्होल्टेजवर.

म्हणून पहिलं काम ब्राऊन-आऊट डिटेक्टरचं. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की तो चिपला रिसेटमध्ये धरून ठेवतो. त्याचा फ्यूज म्हणजे वितळणारी तार नव्हे, प्रोग्रामरनं चिपमध्ये लिहायची सेटिंग. एक्स्टेंडेड फ्यूजचे शेवटचे तीन बिट १११ असतील तर तो बंद, १०१ ला २.७ व्होल्ट, १०० ला ४.३ व्होल्ट. तयार अर्डुइनो उनो बोर्डात २.७ असतो, १६ मेगाहर्ट्झला तो अपुरा आहे. तुम्ही १०० ठेवा. पातळी चिपगणिक ४.१ ते ४.५ अशी हलते, त्यामुळे ५ व्होल्टची लाईन खरोखर ५ असली पाहिजे. बाहेरून सुपरव्हायजर (व्होल्टेजवर नजर ठेवून रिसेट देणारी वेगळी चिप) लावायचा असेल तर ओपन ड्रेनवाला मॅक्स८०३ घ्या. मॅक्स८०९ रिसेटची पिन स्वतः वर ओढून धरतो, मग प्रोग्रामरशी भांडण होतं.

रिसेटमध्ये चिपच्या सगळ्या पिना मोकळ्या सुटतात, हे बरेच जण विसरतात. रिले चालवणाऱ्या बीसी५४७ च्या बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम लावा, नाहीतर रिले तडतडेल आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतील.

आता सप्लाय. ट्रान्सफॉर्मर काढून १०० ते २४० व्होल्ट इनपुटचा, १२ व्होल्ट १ अँपियरचा एसएमपीएस लावा, १४० व्होल्टवरही तो पूर्ण १२ देतो. त्याच्या इनपुटला ५०० मिलिअँपियरचा फ्यूज आणि फ्यूजनंतर, एसएमपीएसच्या बाजूला, १४डी४७१ एमओव्ही (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) हवाच, कारण न्यूट्रल तुटला तर ४०० च्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. रिले, आणि रेझिस्टर लावून डिस्प्लेचा बॅकलाइट, थेट १२ च्या लाईनवर ठेवा. ७८०५ च्या वाटेत १एन५८१९ डायोड आणि त्यानंतर २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर. म्हणजे रिले तो साठा ओढू शकत नाही. चिपच्या प्रत्येक सप्लाय पिनेला, एव्हीसीसी या ॲनालॉग भागाच्या पिनेलासुद्धा, अगदी लगत १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर.

डायोडच्या अलीकडून १०० किलोओहम आणि १२ किलोओहमचा विभाजक करून तो चिपमधल्या ॲनालॉग कंपॅरेटरला (दोन व्होल्टेजची तुलना करणारा भाग) द्या, दुसऱ्या बाजूला आतला १.१ व्होल्ट. १२ ची लाईन १०.३ ला उतरली की इंटरप्ट येतो, म्हणजे चालू काम थांबवून चिपला लगेच इशारा मिळतो. चिप ३० मिलिअँपियर घेत असेल तर पुढं जवळपास २०० मिलिसेकंद हातात असतात. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला ३.४ मिलिसेकंद, म्हणजे २० बाइटला ६८ मिलिसेकंद. अर्धवट राहिलेलं लिखाण पुरं करा, नवीन सुरू करू नका. सेटिंगच्या दोन प्रती चेकसमसह (प्रत बिघडली का ते ओळखायचा आकडा) ठेवा आणि पत्ता शून्य रिकामा सोडा, बिघाड बहुतेक वेळा तिथंच होतो.

चाचणी शेतात नको. व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) २३० वरून हळूहळू खाली या, परत वर न्या, मग १२ ची वायर झटकन काढून-घालून पन्नास वेळा बघा. हळू उतरणारा सप्लाय जास्त त्रास देतो.

लाईट आल्यावर मोटार लगेच सुरू करू नका. शेजारच्यांशी बोलून कुणी ३० सेकंद, कुणी ६०, कुणी ९० असा उशीर ठेवा. सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात म्हणूनच डीपी बसते, आणि महावितरण ऑटोस्विच (लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणारा) काढायला सांगतं तेही त्यामुळंच.