चार घड्यांचा पेपर

"ताई, मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझी रूममेट एकाच विषयात नापास झालो. ती अर्धा तास रडली, दुसऱ्या दिवशी सरांना भेटून आली आणि आता हसतखेळत फिरतेय. माझा पेपर मात्र अकरा दिवस चार घड्या घालून बॅगेच्या मागच्या कप्प्यात पडलाय. सरांना मेसेज टाइप करते आणि खोडते. रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइल बघत पडून असते. फेरपरीक्षा पाच आठवड्यांवर आलीय. व्यक्तिमत्त्व चाचणीत माझा न्यूरॉटिसिझम खूप जास्त निघाला आणि समाधानाच्या चाचणीत ३५ पैकी १३ आले. आई म्हणते, स्वभावाला औषध नाही. मग मी जन्मभर अशीच राहणार का?"

प्रिय मुली,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चार घड्यांपाशीच थांबले. त्यांच्याकडे येतेच, पण आधी चाचण्यांचं बोलू, कारण तू त्यांचे आकडे पत्रिकेतल्या ग्रहांसारखे धरून बसली आहेस.

न्यूरॉटिसिझम जास्त म्हणजे मनाला चटका लवकर बसतो आणि लवकर निवत नाही. अशा माणसांना आयुष्याबद्दल समाधान सरासरीने कमी वाटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तुझ्यापासून ते लपवणार नाही. पण सरासरी गटाची असते, तुझी एकटीची नव्हे. शिवाय त्याच त्या माणसांची वर्षानुवर्षं पाहणी केली, तेव्हा विशी ते चाळिशीच्या काळात बहुतेकांचं मन हळूहळू स्थिरावत गेलेलं दिसलं. तुझी तर विशी आत्ता कुठे सुरू होतेय.

समाधानाची ती चाचणी एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. विधानं पाचच, प्रत्येकाला १ ते ७ गुण. १३ म्हणजे आत्ता तू असमाधानी आहेस, हे खरं. पण ती पाच विधानं पुन्हा वाच. सगळी तुझ्या आयुष्याबद्दल, तुझ्या मनातल्या मापाने. रूममेटचा उल्लेख एकाही विधानात नाही. तू मात्र तिला शेजारी बसवून आकडे भरलेस, तेही नापास झाल्याची जखम ओली असताना.

आता आईच्या म्हणण्याकडे. स्वभाव रातोरात बदलत नाही, इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. पण स्वभाव आणि समाधान यांच्या मध्ये आणखी एक गोष्ट असते: संकट आल्यावर आपण काय करतो. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा मांडल्या. एक, अडचणीलाच हात घालायचा. दुसरी, त्या अडचणीने उठलेलं मनातलं वादळ सांभाळायचं. दुसरी वाट कमी दर्जाची मुळीच नाही. जे बदलता येत नाही, तिथे रडणं, कुणाशी बोलणं, लिहून काढणं हेच शहाणपण. तुझ्या रूममेटने दोन्ही वाटा धरल्या, आधी रडली आणि मग सरांकडे गेली.

तुझं उलटं झालंय गं. पडलेले मार्क आता बदलणार नाहीत, त्यांच्याशी तू रात्रभर झुंजतेस. फेरपरीक्षा तुझ्या हातात आहे, ती बॅगेच्या मागच्या कप्प्यात टाकून ठेवतेस. पेपर उघडला नाही की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणूनच दुसऱ्या दिवशीही तो उघडवत नाही. ही सवय आहे. तिला स्वभावाचं नाव देऊ नकोस. सवय मोडता येते, आणि हे मी तुला धीर देण्यापुरतं म्हणत नाहीये.

रूममेटसारखं हसतखेळत फिरायची गरज नाही. चारचौघांत मोकळं होणं तुला जमत नसेल तर सरांना थेट जाऊन गाठू नकोस, आधी दोन ओळी लिही: "सर, मी या विषयात नापास झाले आहे. तिसरा आणि पाचवा प्रश्न समजून घ्यायचा आहे, कधी येऊ?" प्रश्नांचे आकडे मी अंदाजाने घातलेत. खरे आकडे पेपर उघडल्यावरच कळतील.

झोपेची मला जास्त काळजी वाटते. कशातच मन न लागणं आणि झोप न येणं दोन आठवड्यांवर गेलं, तर विद्यापीठातल्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेट. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी आला, तर दोन आठवडे थांबू नकोस; त्याच दिवशी कुणाला तरी सांग, रूममेटला सांगितलंस तरी चालेल.

आज मात्र एवढंच कर. दिवसाउजेडी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, पेपर काढ. घड्या उलगड, टेबलावर हाताने सपाट कर. एकूण मार्कांवर वही ठेवून तो आकडा झाक आणि फक्त प्रश्न बघ. कुठे उत्तर येत नव्हतं आणि कुठे येत असून वेळ पुरला नाही, एवढ्याच दोन खुणा पेन्सिलीने कर. रडू आलं तर रड, पेपर उघडाच राहू दे. कोणत्या प्रश्नांवर कोणती खूण पडली, ते मला कळव. मी वाट बघतेय.

तुझी,
ताई