संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनवर उतरून विभागीय क्रीडा संकुल किती लांब? खो-खोच्या सामन्याच्या दिवशीच परभणीहून निघालो तर चालेल का?

ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन. १७ वर्षांखालच्या गटात तालुका आणि जिल्हा जिंकून विभागावर जाणं सोपं नाही. सेलूकडच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका होते. बावीस वर्षं मुलींचे संघ घेऊन याच वाटेने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्याच दिवशी निघू नका, आदल्या दिवशी दुपारीच निघा.

परभणी ते संभाजीनगर सुमारे १७७ किलोमीटर आणि रेल्वेमार्ग एकेरी. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी क्रॉसिंगला थांबते, मग वेळापत्रक कागदावरच राहतं. एका वर्षी आमची सकाळची गाडी जालन्याच्या पुढे एका लहान स्टेशनात पाऊण तास उभी राहिली. आम्ही मैदानावर धावत पोचलो तोवर समोरच्या संघाला पुढे चाल, म्हणजे न खेळताच विजय, दिलेली होती. माझ्या कर्णधाराने वेळ वाचावा म्हणून बुटांच्या नाड्या गाडीतच घट्ट बांधल्या होत्या. मैदानाच्या कडेला बसून तिने त्या एकही शब्द न बोलता सोडल्या. त्यानंतर मी कधीच सामन्याच्या दिवशी संघ नेला नाही. पहाटेची वंदे भारत आहे की, असं कुणी सांगेल. पण चार वाजता उठलेली मुलगी दहा वाजता पळतीला, म्हणजे बचावात धावायला, उतरली की तिचे पाय जड होतात.

आता स्टेशनचं. तिकीट काढताना गोंधळू नका, ऑक्टोबर २०२५ पासून स्टेशनचं नावही छत्रपती संभाजीनगर झालंय आणि एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन असा कोड आलाय. स्टेशन शहराच्या दक्षिण टोकाला आहे. विभागीय क्रीडा संकुल गारखेड्याला, सूतगिरणी चौकाजवळ. अंतर चार-पाच किलोमीटर. रिक्षा उस्मानपुरा, शहानूरमियाँ दर्गा अशी जाते. भाडं बसण्याआधी ठरवा आणि 'सूतगिरणी चौक' एवढंच सांगा, नुसतं 'संकुल' म्हणू नका. मुकुंदवाडीचं छोटं स्टेशन त्या बाजूला पडतं, पण तिथे पॅसेंजर थांबते, एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका.

एसटीने आलात तर मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊच नका. जालना रोडने येणारी गाडी सिडकोला थांबते, तिथे उतरा आणि सेव्हन हिलवरून गजानन महाराज मंदिराकडे वळा. बराच फेरा वाचतो.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. पत्रात स्पर्धेचं ठिकाण नीट वाचा. साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र वेगळं, ते विद्यापीठाच्या आवारात, म्हणजे स्टेशनपासून शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. तिथे हॉकी, बॉक्सिंग, तलवारबाजीची मुलं घडतात. खडकेश्वरला शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचं मैदान आहे, ते तिसरं. पालक एका ठिकाणी आणि संघ दुसऱ्या ठिकाणी, असं होताना मी पाहिलंय. आदल्या संध्याकाळी जाऊन मैदान डोळ्यांनी पाहून या. मॅट आहे की माती, तेही तेव्हाच कळेल. मातीवर सरावलेली मुलगी मॅटवर पहिल्यांदा खांबाशी वळते तेव्हा पाय अपेक्षेपेक्षा जास्त धरला जातो आणि गुडघा दुखावतो. जमलं तर तिला संध्याकाळी दहा मिनिटं तिथे पळू द्या. नुसता खांब हाताने धरून चार वळणं घेतली तरी सकाळी भीती राहत नाही.

कागदपत्रं मूळ घ्या आणि झेरॉक्सही: जन्मदाखला, आधार, मुख्याध्यापकांच्या सहीचं फोटो लावलेलं ओळखपत्र. वयाच्या तपासणीत खेळाडू अडकला की बाई रडकुंडीला येतात. सकाळी पोहे, एखादं केळं, बस. स्टेशनबाहेरचं तर्रीचं काही नको. गुडघ्याला बांधायची पट्टी, खोबरेल तेल आणि जुना टॉवेल बॅगेत असू द्या.

मुलगी घाबरली असेल तर तिला सारिका काळेबद्दल सांगा. धाराशिवची पोरगी, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. या पोरी आपल्याच मराठवाड्याच्या मातीतल्या आहेत, हे तिला एकदा मोठ्याने सांगाच.

परतीचं आरक्षण दुपारच्या गाडीचं करू नका. संघ जिंकत गेला तर अंतिम सामना संध्याकाळपर्यंत लांबतो, आणि गाडीच्या काळजीने घड्याळ बघणारी आई मुलीला मैदानातून दिसते. रात्रीची गाडी धरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. निकाल लागला की इथे जरूर लिहा, मी वाट बघते.