सामायिक दस्तऐवजात सहकाऱ्याची टिप्पणी आपण सुधारावी का?

आपण विचारले आहे की, चारपाच जण मिळून एक अहवाल लिहीत असताना समासातील एका सहकाऱ्याच्या टिप्पणीतले लांबलचक, अशुद्ध वाक्य आपण नीट करून दिले आणि तो रागावला, तर त्यात एवढे काय बिघडले? माझ्या मते बिघडले. मूळ मजकूर सर्वांचा असतो, त्यावर कोणीही हात चालवावा, कारण तो सर्वांच्या नावाने छापला जाणार असतो. टिप्पणी मात्र ज्याच्या नावाखाली आहे त्याचीच असते. तिच्यातला शब्द बदलून वर त्याचे नाव तसेच ठेवणे म्हणजे त्याने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालणे होय. आपला हेतू चांगला होता, याने त्यात काहीही फरक पडत नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. माझ्या सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत २०१६ साली नव्याने सिद्ध करायला घेतला, तेव्हा समितीत मोडी वाचणारी मी एकटीच होते. कागदांची छायाचित्रे माझ्याकडे येत, मी लिप्यंतर करून देई आणि शंका वर्डच्या फाइलमध्ये समासात लिहून ठेवी. समितीचे प्रमुख माझे थोरले चुलत दीर होते. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. फाइल अखेरच्या हाताची म्हणून त्यांच्याकडे जाई.

त्या कागदांत एक खरेदीखत होते. त्यावर माघ शुद्ध दशमी, शके १६८२ ही मिती होती, आणि ज्या नावाची सही होती त्या नावाचे दोन पुरुष आमच्या वंशावळीत आहेत. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपल्याकडील रीत सर्वांना ठाऊक आहे. बाळाजी विश्वनाथांचे नाव त्यांचे नातू बाळाजी बाजीराव यांच्याकडे आले ते याच रीतीने. आमच्या घराण्यात ही रीत सलग तीन पिढ्या चालल्यामुळे आजोबा आणि नातू यांची केवळ नावेच नव्हे, तर त्यांच्या वडिलांची नावेही एकच झाली होती, आणि कागदावर अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढेच असल्यामुळे सही कोणाची हे फक्त मितीवरून ठरणार होते. आजोबा त्याच शके १६८२ च्या कार्तिकात, म्हणजे नोव्हेंबर १७६० मध्ये वारले, अशी नोंद दुसऱ्या कागदात होती.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे पाठ असलेले लोक पुष्कळ असतात, पण वर्ष चैत्रात बदलत असल्यामुळे माघ आणि फाल्गुन या महिन्यांना ७९ मिळवावे लागतात, आणि पौषात तिथी पाहून ठरवावे लागते, हे ध्यानात ठेवणारे थोडे. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजी झाली आणि आपण सगळे तिचा दिनांक १४ जानेवारी १७६१ असाच सांगतो. १७६० कोणी म्हणत नाही. आमचे खरेदीखत त्यानंतर महिनाभराने झालेले. म्हणून मी समासात लिहिले होते: ‘माघ असल्याने ७९ मिळवावेत, म्हणजे फेब्रुवारी १७६१ येते. तसे असल्यास आजोबा तेव्हा हयात नव्हते आणि सही नातवाची ठरते. जंत्री पाहून निर्णय करावा, तोवर हे पान छापू नये.’

अण्णांनी ही टिप्पणी उघडली, त्यांना ती पाल्हाळिक वाटली, आणि त्यांनी तिचा संक्षेप केला: ‘फेब्रुवारी १७६०. सही आजोबांची.’ त्या वेळच्या वर्डमध्ये दुसऱ्याच्या टिप्पणीत कोणालाही लिहिता येत असे आणि वर नाव मूळ लेखकाचेच राहत असे. त्यामुळे माझ्या नावाखाली, माझ्याच टिप्पणीच्या जागी, माझ्या मताच्या नेमके उलट मत जाऊन बसले. ग्रंथात केवळ इसवी सन द्यायचा असे ठरले असल्यामुळे कार्तिक आधी आणि माघ नंतर हा साधा क्रमही छापील पानावर कोणाला दिसला नाही.

ग्रंथ २०१७ मध्ये निघाला. नातवाची शाखा पुढे वडोदऱ्यास गेलेली. तिच्या मूळ पुरुषापुढे ‘कागद उपलब्ध नाही’ असे छापले गेले, आणि तिचा एकमेव कागद आजोबांच्या खात्यावर जमा झाला. त्या शाखेतील एका वृद्ध गृहस्थांनी खुलासा मागितला, तेव्हा समितीने पुरावा म्हणून त्यांना फाइलच पाठवली. त्यांनी मला फोन केला आणि अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, ‘वहिनी, तुम्हीच लिहिलंय की हो, सही आजोबांची म्हणून.’ मला काय बोलावे ते सुचेना. सुदैवाने मी पाठवलेली पहिली प्रत माझ्या संगणकात होती. ती नसती, तर मला मोडी वाचता येते पण शक मोजता येत नाही, हेच घराण्यात कायमचे ठरले असते.

अण्णांचे म्हणणे अजूनही असे आहे की, टिप्पणी ही परांचीसारखी असते. इमारत उभी राहिली की ती उतरवायची, मग तिचा बांबू कोणी हलवला याची चौकशी कशाला? मला हे मान्य नाही. ज्या कामात शंका आहे, तिथे शंकेची नोंद हाच कामाचा भाग असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मजकूर ठरवण्याचे, काम चालले. त्यात जो पाठ संपादकांना पुरेसा निश्चित वाटला नाही त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली आणि इतर पोथ्यांतील पाठ तळाशी दिले. इतक्या विद्वानांना शंका पुसून पान देखणे करता आले नसते काय? आणि ज्या मोडी कागदांवरून आमचा वाद झाला, त्या काळच्या पत्रांच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उठवीत, ‘लेखनसीमा’ असे लिहीत, ते मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये म्हणूनच. दुसऱ्याच्या नावाखाली आपले शब्द घालू नयेत ही समज संगणकाबरोबर आलेली नाही.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. सहकाऱ्याची टिप्पणी अशुद्ध असेल तर ती अशुद्धच राहू द्या. ती छापली जाणार नाही. अर्थ लागत नसेल तर खाली उत्तर लिहून विचारा. चूक वाटत असेल तर आपले मत आपल्या नावाने त्याखाली लिहा. काम झाले असेल तर निकालात काढा; गूगल डॉक्समध्ये निकालात काढलेली टिप्पणी नाहीशी होत नाही, मागे जाऊन पाहता येते. हल्लीच्या बहुतेक साधनांत दुसऱ्याच्या टिप्पणीत लिहिताच येत नाही, आणि ते योग्यच आहे; परंतु विकिपीडियाच्या चर्चापानासारख्या ठिकाणी ते अजून शक्य असते. तिथे इतिहासात प्रत्येक बदल राहतो हे खरे, पण इतिहास उघडून पाहतो कोण?

अपवाद आहेत. कोणी टिप्पणीत एखाद्याचा दूरध्वनी क्रमांक किंवा आजारपणाची माहिती लिहिली असेल, किंवा शिवीगाळ केली असेल, तर तो भाग ताबडतोब काढावा, मात्र काढल्याचे आपल्या नावाने तिथेच नोंदवावे. तुटलेला दुवा जोडणे वगैरे गोष्टींना माझी हरकत नाही, फक्त ते आधी सर्वांनी मिळून ठरवलेले असावे. आपल्या सहकाऱ्याचे वाक्य आपण किती बदललेत ते आपण लिहिलेले नाही. केवळ ऱ्हस्वदीर्घ सुधारले असेल तर त्याने इतके रागावायला नको होते, हेही मी मान्य करते. तरीही मूळ वाक्य परत घालून त्याला तसे कळवावे, असे मी सुचवीन.

आमच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम यंदा सुरू झाले आहे. खरेदीखताच्या पानावर मी माझी मूळ टिप्पणी अक्षरशः जशीच्या तशी परत घातली आहे, आणि अण्णांना त्यांचे १७६० हे साल अजून बरोबर वाटत असेल, तर ते त्यांनी तिच्या खाली स्वतःच्या नावाने लिहावे, अशी विनंती केली आहे.