लीग टू, मिडफिल्डर आणि ३० जून: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

इंग्लंडमधल्या लोअर लीग खेळाडूंच्या कॉन्ट्रॅक्टचं काम मी करते हे कळल्यापासून लेस्टर, स्लाऊ, पुणे, रत्नागिरी, सगळीकडून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच उत्तरं देऊन टाकते. आधी एक गोष्ट. प्रीमियर लीगच्या २० क्लबच्या खाली ईएफएलचे (इंग्लिश फुटबॉल लीगचे) ७२ क्लब आहेत: चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी २४. त्याखाली नॅशनल लीग. टीव्हीवर दिसतात ते वरचे वीस आणि मला विचारणाऱ्यांचे मुलगे, भाचे, जावई खेळतात ते बहुतेक अगदी खालच्या मजल्यांवर. वरचे हिशेब खाली लावू नका. आणि मी वकील आहे, एजंट नाही, डॉक्टर तर नाहीच नाही.

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, मिडफिल्डर. लीग वनच्या क्लबने त्याला लीग टूमध्ये लोनवर, म्हणजे काही काळापुरतं दुसऱ्या क्लबकडून खेळायला, पाठवलंय. नातेवाईक म्हणतात ही काढून टाकायची तयारी आहे. खरं का?

नाही. बेकहमला १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने प्रेस्टनला लोनवर पाठवलं होतं, चौथ्या पातळीवर, तिथे पहिल्याच मॅचला डॉनकास्टरविरुद्ध त्याने कॉर्नरवरून थेट गोल मारला. त्याच वर्षी लॅम्पार्ड स्वान्सीला लोनवर होता. त्यांच्या नातेवाईकांनीही काहीतरी बोलून घेतलं असेलच. तुम्ही एवढंच करा, लोनच्या काळात पगार कोण देणार आणि लागलं तर उपचार कोणाच्या फिजिओकडे, हे मूळ क्लबकडून लेखी घ्या.

प्रश्न: लीग टूच्या मिडफिल्डरला आठवड्याला किती मिळतात?

कोणता क्लब, कोणतं वय, कितवं कॉन्ट्रॅक्ट, यावर आहे. नेटवर फिरणारे आकडे अंदाजपंचे असतात आणि टॅक्स कापायच्या आधीचे असतात. घर घ्यायचं म्हणून विचारत असाल तर मॉर्गेज ॲडव्हायजरला कॉन्ट्रॅक्टची कॉपी दाखवा, तोही आधी शेवटची तारीखच बघेल.

प्रश्न: पुण्यातली एक अकॅडमी १६ वर्षांच्या मुलांना लंडनजवळच्या 'प्रोफेशनल क्लबच्या ट्रायल'साठी नेते. साडेचार लाख मागतायत. सिलेक्ट झाला तर तिथेच ठेवून घेतील असं म्हणाले. पाठवू का?

सहल म्हणून पाठवायचं असेल तर पाठवा, ट्रायल म्हणून नको.

फिफाचा नियम आहे की १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडीलच फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणासाठी तिकडे राहायला गेले तर. ब्रेक्झिटनंतर तर युरोपातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनासुद्धा इंग्लिश क्लब घेऊ शकत नाहीत, मग व्हिजिट व्हिसावर आलेल्या आपल्या मुलाला 'ठेवून घेणार' म्हणजे कुठे, स्टोअररूममध्ये? १८ पूर्ण झाले तरी वर्क परमिटसाठी एफएचं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचं, एन्डोर्समेंट लागतं, आणि त्यात देशाकडून किती सामने खेळला, कोणत्या लीगमध्ये खेळला याचे पॉइंट मोजतात.

मैदानाचं म्हणाल तर छोट्या क्लबांची मैदानं भाड्याने मिळतात, आपल्याकडे लग्नाचा हॉल मिळतो तशी. क्लबचा लोगो मागे ठेवून फोटो काढला म्हणजे ट्रायल झाली असं नाही. त्या क्लबच्या सेक्रेटरीला स्वतः ईमेल करा, तुमच्या तारखेला ट्रायल आहे का, एका ओळीत विचारा. आणि उत्तर यायच्या आत ॲडव्हान्स देऊन मोकळे होऊ नका, गेल्या वर्षी तिघांनी पैसे भरून मग मला विचारलं, तेव्हा मी काय करणार होते?

प्रश्न: मुलाचा जन्म कोव्हेंट्रीचा, ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड आहे. भारताकडून खेळू शकेल?

ओसीआयवर नाही. भारतीय पासपोर्टच लागतो आणि दोन पासपोर्ट भारत ठेवू देत नाही. पोर्ट्समथ, रॉदरम, ऑक्सफर्ड अशा क्लबांतून खेळलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला तेव्हा त्याला हा रस्ता खुला झाला. त्याची आई मुंबईतल्या अँग्लो-इंडियन घरातली. पण तो तेव्हा तिशी ओलांडलेला, बंगळुरूला स्थिरावलेला माणूस होता. तुमच्या मुलाने पासपोर्ट सोडला तर इंग्लंडमध्ये राहायला आणि खेळायला त्यालाच परवानगी लागेल, तेव्हा इमिग्रेशन वकिलाला भेटल्याशिवाय हा विषय जेवणाच्या टेबलावरसुद्धा काढू नका.

प्रश्न: मुलगा २२ वर्षांचा, सेंट्रल मिडफिल्डर, लीग टू. आत्ताच्या क्लबची ऑफर 'एक अधिक एक' वर्षांची, पगार जास्त. दुसरा क्लब सरळ दोन वर्षं देतोय, पगार कमी. फेब्रुवारीपासून गुडघा अधूनमधून सुजतो. टीममधले म्हणतात की लागलं तर १८ महिने पगार मिळतोच, त्यामुळे जास्त पैसेवाली ऑफर घे. बरोबर आहे ना?

थांबा. निदान हे वाचून होईपर्यंत सही करू देऊ नका.

ही १८ महिन्यांची गोष्ट मला दर मे महिन्यात कोणीतरी ऐकवतं आणि दर वेळी तेवढाच वैताग येतो, कारण ती अर्धी खरी आहे. खेळताना झालेल्या दुखापतीसाठी १८ महिने पूर्ण बेसिक पगार, असं कलम स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं, मान्य. पण ते कलम राहतं कॉन्ट्रॅक्टच्या पोटात. कॉन्ट्रॅक्टच संपलं की कलम कुठलं? ही कॉन्ट्रॅक्टं ३० जूनला संपतात. मार्चमध्ये गुडघा गेला आणि कागदावर त्याच वर्षीची तारीख असेल तर तुमचे १८ महिने म्हणजे जेमतेम चार महिने. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालं तर परत खेळायला सहसा नऊ महिने ते वर्ष जातं. मधले महिने कोण पोसणार, टीममधले?

आता ते 'एक अधिक एक'. हे ऐकून घरोघरी लोक दोन वर्षं धरून चालतात. अहो, तो दुसरा 'एक' बहुतेक वेळा क्लबच्या मर्जीचा असतो. मुलगा चमकला तर क्लब ते वर्ष वापरणार आणि गुडघा सुजलेला दिसला तर वापरणार नाही. जोखीम सगळी तुमची. ऑप्शन कोणाचा आहे हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं, फक्त वाचायला लागतं.

एक आई माझ्याकडे आली होती, मुलाचं कॉन्ट्रॅक्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पगाराचा आकडा पिवळ्या हायलायटरने रंगवलेला, अपिअरन्सचे (दर मॅच खेळल्याचे) पैसे पिवळे, गोल बोनस पिवळा. पोरगा बचावाच्या पुढे उभा राहून चेंडू अडवणारा, अख्ख्या सीझनला दोन गोल करणारा, आणि गोल बोनस पिवळा! शेवटची तारीख मात्र तशीच कोरी. मी पेनाने तारखेभोवती गोल काढला तर म्हणाली, ताई ते बघू ना नंतर. मुलाचा गुडघा तेव्हाही सुजायचा, पण स्कॅन 'सीझन संपल्यावर बघू' म्हणून क्लबने ढकललेला आणि यांनीही ढकलू दिलेला. जूनमध्ये क्लबने सोडला, स्कॅन झाला जुलैत. पुढचं सांगत नाही.

मिडफिल्डरला वेळ मिळावा लागतो. पेली रडॉक म्पान्झू २०१३ मध्ये वेस्ट हॅममधून ल्यूटनला आला तेव्हा ल्यूटन पाचव्या पातळीवर होतं. २०१४, २०१८, २०१९, २०२३, असं एकेक पायरी चढत तो त्याच क्लबबरोबर प्रीमियर लीगमध्ये पोचला, नॉन-लीगपासून (ईएफएलच्या खालच्या पातळीपासून) तिथपर्यंत एकाच क्लबकडून जाणारा पहिला खेळाडू. दहा वर्षं लागली. सगळ्यांचं असं होत नाही हे मलाही कळतं, पण दर जूनला दारात उभ्या असणाऱ्या पोराचं तर नाहीच होत.

आणि कोणीतरी तुम्हाला बेन कॉलेटची केस सांगेलच, म्हणून मीच सांगते. युनायटेडचा १८ वर्षांचा मिडफिल्डर, मे २००३ मध्ये मिडल्सबरोविरुद्ध रिझर्व्हच्या मॅचला पाय मोडला, आणि २००८ मध्ये कोर्टाने ४३ लाख पौंड दिले. कोर्टाने चक्क त्याचं न झालेलं करिअर मांडलं, पस्तिशीपर्यंत खेळला असता, त्यातला एक तृतीयांश काळ प्रीमियर लीगमध्ये, बाकीचा चॅम्पियनशिपमध्ये. वाचायला भारी वाटतं. पण तिथे टॅकल निष्काळजीपणाचं होतं हे समोरच्या बाजूने कबूल केलं होतं आणि साक्षीला युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन होते. तुमच्या मुलाचा गुडघा आपोआप सुजतोय, दावा कोणावर लावणार?

मग काय करायचं? हा आठवडा संपायच्या आत गुडघ्याचा स्कॅन आणि क्लबबाहेरच्या ऑर्थोपेडिक सर्जनचं मत. नंतर दोन्ही कागद घेऊन पीएफएला फोन, ती खेळाडूंची युनियन आहे, १९०७ पासूनची, मुलगा मेंबर असेलच. मुलगा २४ च्या आतला आहे, त्यामुळे आत्ताच्या क्लबने आधीपेक्षा कमी नसलेली ऑफर दिली असेल तर दुसऱ्या क्लबला त्याच्यासाठी भरपाई द्यावी लागू शकते, ते त्यांनी धरलंय का तेही विचारा. दुसऱ्या क्लबच्या मेडिकलला गुडघ्याचं खरं सांगायचं. दुखणं लपवून पास हो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. माझं मत विचाराल तर सरळ दोन वर्षं, पगार कमी असला तरी. पण स्कॅन बघितल्याशिवाय तेही पक्कं मत नाही.

प्रश्न: क्लबने दोन आठवडे पगार दिला नाही. भाचा म्हणतो जिंकतोय तोवर काही होत नाही.

बरी नावाचा क्लब जिंकतच होता. खेळाडूंचे पगार थकलेले असताना २०१९ मध्ये लीग वनमध्ये चढला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला ईएफएलने क्लबलाच बाहेर काढलं. १८९४ पासून लीगमध्ये होता. पगार थकला तर लेखी नोटीस देऊन कॉन्ट्रॅक्ट सोडायची सोय असते, पण तिचे दिवस मोजून पाळायला लागतात, तेव्हा भाच्याने रागाच्या भरात ट्रेनिंगला दांडी मारू नये, आजच पीएफएला कळवावं. आज म्हणजे आज.

प्रश्न: चुलतभाऊ लीग टूमध्ये खेळतो. शनिवारी कोण बाहेर बसणार हे त्याने आम्हाला व्हॉट्सॲपवर सांगितलं आणि आम्ही थोडे पैसे लावले तर चालेल का?

नाही. २०१४ पासून खेळाडूंना जगातल्या कुठल्याही फुटबॉलवर पैसे लावायला बंदी आहे, आणि आतली माहिती दुसऱ्याला देणं हाही गुन्हाच धरतात. जोई बार्टन, मिडफिल्डरच, २०१७ मध्ये १८ महिने बॅन झाला, अपिलात थोडे कमी झाले. तो ग्रुप डिलीट करा, आणि आधी काही लावलं असेल तर भावाला वकील गाठायला सांगा.

प्रश्न: इमेज राइट्सची (खेळाडूचं नाव-फोटो जाहिरातीत वापरायच्या हक्कांची) कंपनी काढली की टॅक्स वाचतो असं एका सल्लागाराने सांगितलं.

लीग टूच्या मिडफिल्डरची इमेज कोण विकत घेतंय हे आधी त्या सल्लागाराला विचारा. मग स्वतःच्या अकाउंटंटला विचारा.

प्रश्न: जावई इंग्लिश आहे, ३२ वर्षांचा, नॅशनल लीगमध्ये मिडफिल्डर. अजून खेळतोच आहे. पक्की नोकरी कधी धरणार, आम्ही विषय कसा काढावा? (रत्नागिरी)

काका, टोनी फोर्ड ग्रिम्सबीकडून सोळाव्या वर्षी सुरू झाला आणि बेचाळिसाव्या वर्षी रॉचडेलला थांबला. ९३१ लीग सामने, तेही बहुतेक खालच्या डिव्हिजनमध्ये. त्यामुळे ३२ म्हणजे संपला असं नाही. पण काळजी अगदीच चुकीची नाही. कोचिंगचे बॅज, फिजिओथेरपीची डिग्री, काहीही करायचं तर खेळत असतानाच सुरू करायला हवं, आणि अशा कोर्सना पीएफए मदत करते. तो तिथे मेंबर आहे का, एवढंच मुलीला विचारायला सांगा. तुम्ही थेट विचारू नका, आणि शनिवारी हरून आल्यावर तर मुलीनेही विचारू नये.