वाचकांचे प्रश्न: हत्ती, लाटा आणि पुलावरची उडी, एकाच रस्त्यावर

मागच्या अंकात मी आमच्या साउथ आफ्रिकेच्या ट्रिपबद्दल थोडंसं लिहिलं होतं. केप टाऊनला गाडी भाड्याने घेतली, समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला अ‍ॅडोच्या हत्तींच्या जंगलापर्यंत गेलो आणि वाटेत सर्फिंग, बंजी (पायाला दोर बांधून पुलावरून उडी), कयाक (वल्ह्याची छोटी होडी) सगळं केलं, एवढंच. त्यावर ठाणे, नवी मुंबईतून इतके प्रश्न आलेत की हा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय.

ऐरोलीहून एक वाचक विचारतात: मुलं धरून आम्ही चौघं, दिवाळीच्या सुट्टीत १२ दिवस आहेत. एजंटने क्रुगर, केप टाऊन, गार्डन रूट आणि व्हिक्टोरिया फॉल्स असा प्लॅन दिलाय. जमेल का?

जमेल, पण अर्धे दिवस एअरपोर्टवर जातील हो. नकाशावर क्रुगरचं अभयारण्य आणि केप टाऊन एकाच देशात दिसतात म्हणून आपल्याला वाटतं जवळ असेल, पण मध्ये साधारण १८०० किलोमीटर आहेत, आणि व्हिक्टोरिया फॉल्स तर झिम्बाब्वे आणि झाम्बियाच्या सीमेवर, म्हणजे वेगळा देश, वेगळा व्हिसा. मी तुम्हाला कळकळीने सांगेन की क्रुगर आणि फॉल्स दोन्ही या वेळेला सोडा. क्रुगर मोठंच आहे, जवळपास १९,५०० चौरस किलोमीटर, त्याला नुसते पाच दिवस द्यायला हवेत, शिवाय तिथे मलेरियाचा धोका असतो म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात. मुलं बरोबर आहेत तर ते टेन्शन कशाला.

त्याऐवजी एन-टू नावाचा हायवे धरा, तुमच्या प्लॅनमधला गार्डन रूट, म्हणजे तो समुद्राकाठचा पट्टा, याच रस्त्यावर आहे. केप टाऊन ते अ‍ॅडो साधारण ८५० किलोमीटर, आणि तुम्हाला हवं ते सगळं या एका रस्त्यावर आहे. केप टाऊनला तीन रात्री, मग मोसेल बे किंवा विल्डरनेसला दोन, प्लेटनबर्ग बे किंवा स्टॉर्म्स रिव्हरला दोन, जेफ्रीज बेला एक, शेवटी अ‍ॅडोला दोन. पोर्ट एलिझाबेथला (२०२१ पासून नाव गेबेखा झालंय, तिकिटावर तसं दिसेल, गोंधळू नका) गाडी परत द्यायची आणि तिथून जोहान्सबर्गमार्गे घरी. वन-वे ड्रॉपचे पैसे वेगळे लागतात पण तेवढंच अंतर उलटं चालवण्यापेक्षा ते कधीही परवडलं.

आणि सफारी शेवटीच ठेवा, हे माझं ठाम मत आहे. लोक उत्साहात सफारी आधी उरकतात. पण सर्फिंगने खांदे दुखत असतात, कयाकने हात दुखत असतात, तेव्हा गाडीत गप्प बसून तासन् तास बघत राहणं इतकं बरं वाटतं. सुरुवातीला मुलं चुळबुळ करतात, दहाव्या दिवशी तीच मुलं दुर्बीण सोडत नाहीत.

दिवाळी म्हणजे तिकडे वसंत ऋतू, हवा छान असते, आणि जून ते नोव्हेंबर हा सदर्न राइट व्हेल्सचा काळ. केप टाऊनहून निघताना हर्मानसला वाकडी वाट करून थांबलात तर किनाऱ्यावरच्या खडकावरून देवमासे दिसू शकतात, बोटीचीही गरज नाही.

एक लक्षात ठेवा, विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून बदलणारं स्वस्त मिळतं, पण ते यलो फीव्हर या आजाराचा धोका असलेले देश आहेत. लस किमान १० दिवस आधी घेतलेली हवी आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड हँडबॅगेत ठेवायचं, कारण तिकडेही विचारू शकतात आणि येताना आपल्या एअरपोर्टवरही.

खारघरहून एक वाचक: नवऱ्याला ड्रायव्हिंगचा कंटाळा, गाडी मीच चालवणार. पाम बीच रोडवर रोज चालवते पण परदेशात कधीच नाही. भीती वाटतेय.

मीही पूर्ण ट्रिप एकटीने चालवली. पहिली गोष्ट, तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि स्टेअरिंग उजवीकडेच, त्यामुळे अर्धी भीती तिथेच गेली. आपलं इंग्रजी छापलेलं, फोटो-सही असलेलं लायसन्स चालतं, तरी तुमच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवाच, १००० रुपये फी आहे, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर कोणी अडवलं तर तिथे वाद घालत बसायला नको. क्रेडिट कार्ड मात्र चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, म्हणजे तुमच्या. नवऱ्याचं कार्ड दाखवून गाडी मिळत नाही, तिथे खूप जणांचं अडतं.

तिकडच्या काही सवयी समजून घ्या. सिग्नलला तिकडे 'रोबॉट' म्हणतात, "दुसऱ्या रोबॉटला लेफ्ट" असं कोणी सांगितलं तर चमकू नका. गावांमध्ये चारी बाजूंनी स्टॉपचा बोर्ड असलेले चौक असतात, जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो, आणि सगळे खरंच थांबतात. हायवेवर मागून वेगात कोणी आलं तर पुढचा गाडीवाला पिवळ्या रेषेच्या बाहेर सरकून जागा देतो, मग ओव्हरटेक करणारा दोनदा पार्किंग लाइट लावून थँक्यू म्हणतो. दुसऱ्या दिवसापासून मीही तसं करायला लागले. पण वळणावर किंवा अंधारात असं बाजूला सरकू नका, कडेने माणसं चालत असतात.

पेट्रोल पंपावर माणूस पेट्रोल भरतो, काच पुसतो, त्याला पाच-दहा रँड द्या (रँडला साधारण पाच रुपये धरून चाला). अंधार पडल्यावर हायवेवर गाडी चालवू नका, हा एक नियम कुठल्याही परिस्थितीत मोडू नका. गाडीत सीटवर काहीही ठेवू नका, अगदी रिकामी पिशवीसुद्धा. आणि रिमोटने लॉक केलं की हँडल हाताने ओढून बघा, कारण काही चोर रिमोटचा सिग्नलच जाम करतात आणि आपल्याला वाटतं गाडी लॉक झाली.

इन्शुरन्सचं माझ्याच अनुभवावरून सांगते. आम्ही 'फुल कव्हर' म्हणून पैसे भरले होते. विल्डरनेसच्या पुढे समोरच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेला आधी मुगाएवढा टवका, रात्रीपर्यंत वीतभर तडा. गाडी परत देताना कळलं की काच आणि टायर त्या फुल कव्हरमध्ये नव्हतेच. काउंटरवरचा मुलगा पान उघडून बोट ठेवून दाखवत होता आणि मी सही केलेली होती. खूप राग आला, पैसे भरावे लागले. तेव्हा काच, टायर आणि खडीचा रस्ता हे तीन शब्द स्वतः विचारा आणि कागदावर दाखवायला सांगा.

ठाण्याहून एक कॉलेजची वाचक: ताई, मला पोहायला येतं पण जेमतेम. सर्फिंग शिकता येईल का? आणि शार्क? आणि बंजी करू की नको, आई नको म्हणते.

अगं, जेमतेम म्हणजे किती ते आधी बघ. पायाला तळ लागत नाही अशा पाण्यात दहा मिनिटं न घाबरता तरंगता येत असेल तर शिकता येईल, नसेल तर अजून वेळ आहे, इथल्या पूलमध्ये तेवढंच पक्कं कर.

शिकायला केप टाऊनजवळचं म्युझेनबर्ग. लाट लांबून येते, हळू फुटते, खाली वाळू आहे, आणि तिथल्या 'फॉल्स बे' नावाच्या खाडीचं पाणी केप टाऊनच्या दुसऱ्या बाजूच्या अटलांटिकपेक्षा कमी गार असतं. तरी गारच, वेटसूट घालावाच लागतो. किनाऱ्यावर लाल, पिवळ्या, निळ्या रंगाच्या कपडे बदलायच्या लाकडी खोल्या आहेत, फोटो तिथेच काढतात सगळे. पहिला अर्धा तास वाळूवर बोर्ड ठेवून नुसतं झोपायचं, हात रोवायचे, टुणकन उभं राहायचं. मग पाण्यात पहिल्या दहा वेळा पडायचंच. मी अकराव्या की बाराव्या लाटेला उभी राहिले, तीन-चार सेकंद असेन, पण बोर्डच्या खालून पाणी सरसर पुढे जातंय आणि आपण त्याच्यावर उभे आहोत हे तळपायाला कळतं ना, ते मी कधी विसरणार नाही.

जेफ्रीज बेची 'सुपरट्यूब्स' लाट जगात नावाजलेली आहे, पण ती कसलेल्या लोकांची, खाली खडक आहेत. तिथे तू काठावर बसून बघ, शिकायचं असेल तर गावातल्या मुख्य बीचवर जा. सगळ्यात मोठ्या लाटा जून ते ऑगस्टच्या त्यांच्या थंडीत येतात.

शार्क आहेत, खोटं कशाला सांगू. २०१५ साली जेफ्रीज बेच्या स्पर्धेत फायनल चालू असतानाच ऑस्ट्रेलियाच्या मिक फॅनिंगजवळ शार्क आला होता, तो सुखरूप वाचला. म्युझेनबर्गला २००४ पासून शार्क स्पॉटर्स आहेत, डोंगरावर बसून दुर्बिणीने पाणी बघतात आणि झेंडा लावतात. हिरवा म्हणजे पाणी नीट दिसतंय आणि शार्क दिसलेला नाही, काळा म्हणजे नीट दिसत नाहीये, लाल म्हणजे सावध, आणि पांढऱ्यावर काळा शार्क म्हणजे सायरन वाजतो, ताबडतोब बाहेर. पाण्यात जायच्या आधी झेंडा बघ, एवढं नक्की कर.

बंजीचं बोलू. ब्लूक्रान्स नावाचा पूल आहे, प्लेटनबर्ग बेच्या पुढे, वेस्टर्न केप आणि ईस्टर्न केप या दोन प्रांतांच्या हद्दीवर, आणि उडी २१६ मीटरची. माझ्या मुलाने मारली, मी नाही. पण मी त्याच्यासोबत पुलाच्या मध्यापर्यंत गेले होते. वरच्या रस्त्याच्या खाली जाळीची पायवाट आहे, पायाखाली आरपार दरी दिसते, वरून ट्रक गेला की जाळी थरथरते. खरं सांगते, उडीपेक्षा ते चालणं जास्त कठीण आहे. मुलाचे पाय बांधत होते तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मग मोठमोठ्याने उलटे आकडे मोजून तो नाहीसाच झाला. नंतर दोरावर उलटा लटकत असताना एक माणूस खाली उतरून त्याला वर घेऊन आला.

आईला नुसतं "करू दे ना" म्हणू नकोस. बीपी, पाठीचा मणका, डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास, ऑपरेशन, यातलं काही आहे का ते डॉक्टरला विचारून ये आणि ते आईला सांग. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा बंजी, सर्फिंग वगळलेलं असतं, ते वाचून जास्तीचं कव्हर घे. आणि तिथे पोचून नको वाटलं तर परत फीर, त्यात काहीच गैर नाही. जवळच स्टॉर्म्स रिव्हरच्या मुखाशी ७७ मीटरचा झुलता पूल आहे आणि खालच्या घळीत कयाक नेतात, मला स्वतःला ते बंजीपेक्षा जास्त आवडलं, दोन्ही बाजूला काळे कडे आणि मधलं पाणी चहासारखं तांबूस.

कळव्याहून एक वाचक: एवढा खर्च झेपणार नाही. असंच काही आपल्याकडे?

आहे की, आणि मनापासून सांगते, ते कमी प्रतीचं अजिबात नाही. ठाण्याहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव करत दांडेलीला जा. तिथे काळी व्याघ्र प्रकल्पाची जीप सफारी आहे, धनेश पक्षी इतके जवळून मी दुसरीकडे पाहिले नाहीत, काळा बिबट्या नशिबात असेल तर. काळी नदीत पाणी सोडलेलं असेल तेव्हा राफ्टिंग होतं, आधी फोन करून खात्री करा. मग घाट उतरून समुद्राला लागा, मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर स्कुबा आणि उडुपीच्या पुढे मुल्कीला सर्फिंग. शांभवी नदी समुद्राला मिळते तिथे भारतातलं सर्फिंग रुजलं म्हणायला हरकत नाही. येताना गोवा, सावंतवाडी, मालवण करत एन-एच-६६ ने घरी. आठ-नऊ दिवस धरा. जून ते सप्टेंबर मात्र समुद्रात उतरायचं नाव काढू नका.

आणि आधी अंदाज घ्यायचा असेल तर एका रविवारी कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करून या, घरच्यांपैकी कोणाला झेपतं ते तिथेच कळेल.

नौपाड्याहून एक वाचक: ७१ वर्षांची आई बरोबर येणार आहे, शुद्ध शाकाहारी. ती कंटाळेल का आणि खाणार काय?

नाही कंटाळणार. माझ्या सासूबाई होत्या बरोबर, तेव्हा हे मी बघून सांगतेय. राहायला किचन असलेली जागा घ्या, सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळ, दही, भाज्या सगळं मिळतं. इथून मेतकूट, चटण्या, थेपले, खाकरे न्या. ताजी फळं, भाज्या, बिया नेऊ नका, कस्टमला अडवतात. मिक्सर किंवा किटली नेत असाल तर हेही सांगते, तिकडचं बोर्डचं भोक आपल्या गिझरच्या जाड तीन पिनच्या प्लगचं आहे, आपली बारीक पिन बसत नाही, अ‍ॅडॉप्टर न्या.

अ‍ॅडोला संत्री, मोसंबी, लिंबू गाडीत ठेवायला बंदी आहे. त्यामागे गोष्ट आहे. १९३१ साली हे उद्यान झालं तेव्हा तिथे ११ हत्ती उरले होते. ते शेतात जाऊ नयेत म्हणून पुढे त्यांना संत्री खायला घालायचे, त्याची इतकी चटक लागली की गाड्यांमध्येही संत्री शोधायला लागले. १९५४ मध्ये ट्रामचे रूळ आणि लिफ्टच्या तारा वापरून हत्तींना न तुटणारं कुंपण घातलं, तेव्हा कुठे कळप वाढला. आज ६०० च्या वर हत्ती आहेत. आणि अ‍ॅडोत मलेरिया नाही, म्हणून आईंसाठी क्रुगरपेक्षा हे बरं.

आपल्या गाडीत बसूनच फिरायचं, ४० च्या पुढे जायचं नाही, खाली उतरायचं नाही. रस्त्यावर शेणाचा गोळा ढकलत जाणारे भुंगे असतात, तिकडच्या दुर्मिळ जातीचे, त्यांना उडता येत नाही, त्यांच्यासाठी गाडी थांबवायची असे बोर्डच लावलेत. हापूर नावाच्या पाणवठ्यावर आम्ही इंजिन बंद करून उभे होतो आणि एक कळप थेट आमच्या दोन्ही बाजूंनी गेला. एक हत्तीण काचेपासून हातभर लांब. कातडीच्या सुरकुत्यांत लाल माती भरलेली, पापणीचे केस झाडूच्या काडीसारखे जाड, आणि तिच्या पोटातली घरघर आम्हाला छातीत जाणवत होती. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, भीतीने नाही. कळप गेल्यावर बराच वेळ गाडीत कोणीच काही बोललं नाही.

रात्री मेन कॅम्पला पाणवठ्यावर दिवे लावलेले असतात, बाकावर बसून बघता येतं. आम्ही सगळे दमून झोपलो आणि सासूबाई शाल गुंडाळून साडेअकरापर्यंत तिथेच. बुकिंग करतानाच पाणवठ्याजवळची खोली मिळेल का विचारा, आणि आईंसाठी जाड स्वेटर घ्या, दिवाळीतही तिकडे रात्री गारवा असतो.