बाळदमा, पंप आणि गोड गोळ्या

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा 6 वर्षांचा आहे, त्याला बाळदमा आहे. मुलांच्या डॉक्टरांनी रोज घ्यायचा पंप दिलाय पण घरात सगळे म्हणतात पंपाची सवय लागते, स्टिरॉइडने उंची खुंटते. 3 महिन्यांपासून होमिओपॅथीपण चालू केली आणि खरंच खूप फरक आहे. आता तिथले डॉक्टर म्हणतात पंप बंद करा. करू का? (एक आई, सांगली)

उत्तर : नका करू, प्लीज. म्हणजे मनाने तर अजिबात नको. तुम्हीच लिहिलंय की या 3 महिन्यांत पंप पण चालूच होता, मग फरक गोळ्यांनी पडला हे कशावरून? शिवाय बाळदमा सीझनप्रमाणे कमी-जास्त होतो, सर्दी झाली की उसळतो, मग आपोआप शांत होतो, आणि आपण नवीन औषधाकडे जातो ते बहुतेक वेळा त्रास अगदी टोकाला असताना, त्यामुळे नंतर जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

सवयीचं म्हणाल तर रोजच्या पंपाची नशेसारखी सवय लागत नाही. तो श्वासनळीची आतली सूज कमी ठेवतो, बंद केला की सूज परत येते आणि लोकांना वाटतं सवय लागली. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि तो थेट छातीत जातो. उंचीची भीती मात्र अगदीच खोटी नाही. अमेरिका आणि कॅनडात 900 च्या वर दमेकरी मुलांना मोठी होईपर्यंत फॉलो केलं, त्यात रोजच्या स्टिरॉइड पंपवाल्या मुलांची उंची सरासरी 1.2 सेंटीमीटरने कमी भरली. एवढंच. समोर दम्याचा मोठा अटॅक ठेवून बघा, मग ठरवा.

3 महिने मूल चांगलं असेल तर डोस कमी करायचा विचार आम्हीही करतो, तेव्हा पंप देणाऱ्या डॉक्टरांनाच भेटा, ते हळूहळू उतरवतील. गोड गोळ्या द्यायच्या तर द्या, मी भांडणार नाही, पण पंपाच्या जागी नको. आणि बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, धापेमुळे वाक्य पूर्ण बोलता येईना, ओठ निळसर दिसले तर लगेच आराम देणारा सालब्युटामॉलचा पंप स्पेसरने (पंपाला जोडायची नळी) देत देत थेट हॉस्पिटल गाठा, दुसऱ्या कुठल्याही गोळीची वाट बघू नका.

प्रश्न : होमिओपॅथीत प्रत्येक पेशंटचं औषध वेगळं असतं, मग तुमच्या ट्रायलमध्ये ती तपासणार कशी? (वाचक, नागपूर)

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि ते करून झालंय, तेही नेमकं बाळदम्यातच. 2003 साली ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला, 96 मुलं होती. होमिओपॅथने प्रत्येक मुलाची नीट हिस्टरी घेऊन त्याचं त्याचं औषध लिहून दिलं, नंतर काहींना ते खरं मिळालं आणि काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या, कोणाला काय मिळालं हे डॉक्टरलाही माहीत नाही आणि आईवडिलांनाही नाही. सगळ्यांचे पंप चालूच होते (हे मला फार आवडलं, कोणाचंही मूल धोक्यात घातलं नाही). वर्षभराने दोन्ही गटांत दखल घ्यावा असा फरक सापडला नाही. पुढे 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने बऱ्याच आजारांवरचे अभ्यास तपासले, होमिओपॅथी खात्रीने चालते असा एकही आजार त्यांना मिळाला नाही.

प्रश्न : 30 पोटेन्सीच्या गोळीत असतं काय? बाळाला दात येताना द्यायला सेफ आहे ना?

उत्तर : 30 सी म्हणजे शंभरात एक असं पातळ करायचं, ते 30 वेळा. साधारण बाराव्या वेळेनंतर मूळ पदार्थाचा एक कणही उरायची शक्यता जवळजवळ नसते, राहते ती साखर. पण कमी पोटेन्सी (कमी वेळा पातळ केलेलं औषध) आणि मदर टिंक्चरमध्ये (पातळ न केलेला मूळ अर्क) खरोखर पदार्थ असतो. अमेरिकेत दात येतानाच्या होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या तर बेलाडोना हे विषारी द्रव्य लेबलपेक्षा कितीतरी जास्त निघालं, 2017 मध्ये तिथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) पालकांना त्या गोळ्या वापरू नका म्हणून सांगितलं. दातांसाठी गोळी लागतच नाही, स्वच्छ बोटाने हिरड्या चोळा, थंड ओलं फडकं चावायला द्या. ताप 100 च्या वर गेला तर दातांवर ढकलू नका, बाळाला दाखवून आणा.